कराचा टक्का दिसतो, भाडेदर दिसत नाही

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

पालिकेचा अर्थसंकल्प सादर झाला की ‘मालमत्ता करात वाढ नाही’ अशी ठळक बातमी येते. मी ठाण्यातल्या पाचपाखाडीतल्या एका सोसायटीची खजिनदार आहे. ती बातमी वाचून मागच्या गल्लीतल्या जुन्या इमारतीतल्या काकू निर्धास्त होतात, आणि आमच्याकडचे सभासद एप्रिलनंतर बिल हातात धरून माझी बेल वाजवतात. गंमत अशी की दोघांच्याही बिलावर कराचा टक्का एकच असतो.

टक्का कसा ठरतो ते निदान उघड आहे. आयुक्तांनी अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे ठेवायचे, समितीने शिफारस करायची आणि 20 फेब्रुवारीपर्यंत महासभेने पुढच्या वर्षाचे दर ठरवायचे, असे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 सांगतो. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर अंदाजपत्रक मांडणारे प्रशासक आणि मंजूर करणारेही प्रशासकच, असा कारभार चालला तो भाग वेगळा. तरी टक्का वाढला तर कळते, आरडाओरडा होतो.

पण तो टक्का लागतो कशावर? करयोग्य मूल्यावर. म्हणजे तुमचे घर भाड्याने दिले तर वर्षाला किती मिळेल याचा अंदाज, त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा. वार्षिक भाडेमूल्य 30,000 धरले तर कर 27,000 वर बसणार. हे 30,000 की 50,000, हे मात्र महासभेत ठरत नाही. कर विभाग क्षेत्रफळाला भाडेदराने गुणतो आणि एकदा नोंदलेला आकडा फेरआकारणी होईपर्यंत वर्षानुवर्षे तसाच राहतो. काकूंची इमारत ऐंशीच्या दशकातली, त्यांचा आकडाही त्याच काळात रुजलेला. आमची इमारत पाडून नवी झाली, भोगवटा प्रमाणपत्र आले आणि आकारणी आजच्या दराने झाली. गल्ली तीच, कचऱ्याची गाडी तीच, पाणी येण्याची वेळही तीच. आमच्याकडे लिफ्ट आहे हे मान्य, पण तिचे वीजबिल आम्हीच भरतो! पुनर्विकासात चार खोल्यांचे स्वप्न बघणाऱ्या निवृत्त मंडळींना बिल्डरने कॉर्पस म्हणजे एकरकमी निधी दाखवला, पार्किंग दाखवले. कराचे हे वाढीव बिल कोणी दाखवले नाही.

त्यात शिक्षण कर आणि बिगरनिवासी जागांवरचा रोजगार हमी कर हे राज्य सरकारचे. पालिका ते फक्त गोळा करून देते. तेही भाडेमूल्यावरच बसतात, म्हणजे भाडेमूल्य वाढले की पालिकेच्या टक्क्याला हात न लावता तेही फुगतात.

माझी नणंद चेकनाक्यापलीकडे, मुलुंडला राहते. मुंबईत 2010 पासून भाड्याच्या अंदाजाऐवजी भांडवली मूल्यावर, म्हणजे घराच्या बाजारमूल्याच्या आधारे, कर आहे आणि 2022 पासून 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना तो माफ. तिचे घर त्यात बसते, त्यामुळे तिच्याशी या विषयावर बोलणेच मी बंद केले आहे.

माझे म्हणणे अनेकांना आवडणार नाही, तरी लिहिते. टक्का गोठवून ठेवणे ही कृपा नव्हे. शहराचा खर्च काही गोठत नाही. तो भागवायला नव्या इमारतींवर भिस्त ठेवली की जुन्यांना बोचत नाही आणि नवे एकेकटे असल्यामुळे ओरडत नाहीत. त्यापेक्षा सगळ्यांना थोडी थोडी वाढ लावा, काकूंनाही आणि मलाही. मी ती भरेन. उशीर केला तर दरमहा 2 टक्के शास्ती आहेच.

पालिकेने अर्थसंकल्पाच्या पुस्तकात मालमत्ता कराच्या एका रकमेवर न थांबता चालू वर्षाची मागणी किती, जुनी थकबाकी किती आणि नव्या आकारणीतून किती येणार, हे सुटे छापावे. विभागवार आणि इमारतीच्या वर्षानुसार भाडेदरांचा तक्ता प्रत्येक प्रभाग कार्यालयात भिंतीवर लावावा. तेवढे जमत नसेल तर नव्या इमारतीच्या आकारणीच्या नोटिशीला तरी तो जोडावा. हरकत घ्यायला मुदत मोजून मिळते, आणि शेजारच्या इमारतीला कोणता दर लावला हेच ठाऊक नसेल तर सभासदांच्या वतीने मी हरकतीच्या अर्जात लिहायचे काय?

– एक खजिनदार, पाचपाखाडी, ठाणे (प.)