जबड्याचे सगळेच दुखणे ताणाचे नसते

जबडा कटकट वाजण्यामागे बहुधा ताण आणि झोपेत दात खाण्याची सवय असते, असे सांगणारा आपल्या आरोग्य पुरवणीतील लेख वाचला. बहुतेकांच्या बाबतीत ते खरेच आहे. पण लेख ‘घाबरू नका’ एवढ्यावर थांबला, ते खटकले.

जबड्याच्या कानापुढच्या सांध्यात गाठी क्वचितच होतात, आणि म्हणूनच त्या उशिरा सापडतात. ‘ऑस्टिओकॉन्ड्रोमा’ ही हाडाची व कूर्चेची, कर्करोग नसलेली गाठ वर्षानुवर्षे हळूहळू वाढते. दुखतेच असे नाही. हनुवटी मात्र दुसऱ्या बाजूला सरकत जाते, दाढा पूर्वीसारख्या जुळत नाहीत. जुना फोटो शेजारी धरला तरी फरक कळतो. अशा वेळी सीटी स्कॅन हवा, नुसती वेदनाशामके नव्हेत.

सांधा निखळण्याचेही तसेच. गेल्या वर्षी आईने जांभई दिली आणि तोंड उघडेच राहिले. लाळ गळत होती, बोलता येईना. जवळच्या दवाखान्यात अर्धांगवायूच्या संशयात दोन तास गेले. शेवटी एका तरुण डॉक्टरने अंगठ्यांना गॉज गुंडाळून ते खालच्या दाढांवर ठेवले, जबडा खाली दाबला आणि मागे लोटला. ‘टक्’ झाले. आईचे पहिले शब्द : ‘चहा टाक गं.’ (हिप्पोक्रेटिसच्या ग्रंथांतही जवळपास हीच युक्ती आहे!)

सीएसएमटीजवळ शासकीय दंत महाविद्यालय, मुंबई सेंट्रलला नायर दंत महाविद्यालय असताना मुंबईच्या वाचकांसाठीच्या लेखात तिथल्या मुखशल्यचिकित्सा (तोंड-जबड्याच्या शस्त्रक्रियांच्या) विभागाचा साधा उल्लेखही नसावा?

— एक वाचक, लालबाग