कुरणाला पंच नव्हते, फडाला होते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत गॅरेट हार्डिन या अमेरिकी परिस्थितिकी-तज्ज्ञावरचा लेख वाचला. माहिती चांगली आहे. पण ‘सामाईक गोष्ट सगळ्यांनी ओरबाडली की ती संपते’ या हार्डिन यांच्या नियमानुसार खानदेशातलं पाणी आटलं ते वाढत्या लोकसंख्येमुळेच, असा जो निष्कर्ष शेवटी काढलाय तो पटला नाही. माझी हयात जीवशास्त्र शिकवण्यात गेली आणि घरची शेती पांझरा नदीच्या फडात, म्हणजे बंधाऱ्याच्या सामाईक पाण्यावर, आहे, म्हणून लिहितो.

हार्डिन यांचा जन्म १९१५ चा, डॅलसचा. लहानपणी पोलिओने एक पाय अधू केला. शिकागोला प्राणिशास्त्र शिकले, १९४१ मध्ये स्टॅनफर्डची डॉक्टरेट मिळवली. पुढे शेवाळापासून अन्न मिळवण्याच्या संशोधनावर होते, ते सोडून दिलं. का, तर अन्न वाढवलं की खाणारी तोंडंच वाढणार! लेखात हे आलेलं नाही, पण माझ्या मते सगळे हार्डिन या एका निर्णयात आहेत. १९४६ पासून निवृत्तीपर्यंत कॅलिफोर्नियात सांता बार्बराला शिकवलं. गर्भपाताचा शब्द काढायचीही चोरी होती तेव्हा बाईला तो हक्क हवा असं ते जाहीर सभांतून सांगत होते. ते श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

डिसेंबर १९६८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांचा तो गाजलेला निबंध आला. सामाईक कुरणावर प्रत्येक गुराखी एकेक जनावर वाढवतो. फायदा त्याचा एकट्याचा, झीज सगळ्यांची, शेवटी कुरणाची माती होते. दाखला मूळचा लॉइड नावाच्या इंग्रज अभ्यासकाचा, १८३३ चा. हार्डिन यांना कुरणाशी फारसं देणंघेणं नव्हतं. मुलं किती होऊ द्यायची हे ज्याच्या त्याच्यावर सोडलं तर पृथ्वीचं तेच होईल, म्हणून सगळ्यांनी मिळून मान्य केलेली सक्ती हवी, हे त्यांना सांगायचं होतं. (स्वतःला चार मुलं होती, हे जाता जाता.)

आता आमचा फड बघा. ही पद्धत तीन-चारशे वर्षांची म्हणतात. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली. खातेदाराचा तुकडा बहुधा प्रत्येक फडात. एका फडात एकच पीक : एकात ऊस, एकात गहू, एकात भुसार. कुठे काय घ्यायचं ते पंच ठरवणार. पाऊस कमी झाला की एखादा फड कोरडा ठेवायचा. त्यात सगळ्यांचंच थोडंथोडं जायचं, त्यामुळे रडायचं तर सगळ्यांनी मिळून. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, वर देखरेखीला हवालदार. मालकाने स्वतः पाटाला हात लावायचा नाही. माझ्या लहानपणी एका बड्या खातेदाराने आपल्याकडे आधी पाणी फोडायला सांगितलं, तर आमचा पाटकरी फावडं खांद्यावर टाकत म्हणाला, “पानी काय तुना बापनं शे का?” आणि ज्याची पाळी होती त्याच्या वावराकडे चालता झाला. हार्डिन यांच्या कुरणावर असा माणूसच नाही.

१९७२ च्या दुष्काळात आमच्याकडे रेशनवर परदेशातली लाल ज्वारी, मिलो, आली. भाकरी थापताना तुटायची, तव्यावर गेरूसारखी दिसायची. पण जगलो. १९७४ मध्ये हार्डिन यांनी लिहिलं की श्रीमंत देश समुद्रातल्या नावेत आहेत, गरीब भोवती पोहताहेत, सगळ्यांना आत घेतलं तर नाव बुडेल; तेव्हा अन्नाची मदत नको. दाखल्याला भारत होताच. त्या पोहणाऱ्यांतला मी एक. परदेशातून अमेरिकेत येणाऱ्यांबद्दलची त्यांची मतंही याच जातीची होती. आपल्या लेखात हे एका ओळीत उरकलंय.

सक्तीचं म्हणाल तर तीही चाखली. १९७६ मध्ये आपल्याच विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून सुटलो. माझे वडील शिक्षक. वरून रोज तगादा, नसबंदीच्या ‘केसेस’ आणा, नाहीतर पगार अडेल. गावात मास्तर दिसले की माणसं शेतात पळायची. पुढे मुली शिकल्या, जन्मलेली बाळं जगू लागली, तशी घरं आपोआप लहान झाली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर (एका बाईमागे सरासरी मुलं) १.७ आहे, देशाचा २.०.

मग पाणी का आटलं? वर धरणं झाली, नदीची धार बारीक झाली, ज्याने त्याने विहिरीवर मोटार बसवली आणि पंचांना विचारायचं कारण उरलं नाही. जळगावकडच्या यावल-रावेरच्या केळीपट्ट्यातही जमिनीखालच्या पाण्याला पाटकरी नाही. इथे हार्डिन बरोबर ठरतात, पण लोकसंख्येमुळे नव्हे. १९९८ मध्ये ‘सायन्स’मध्येच त्यांनी कबूल केलं की ‘व्यवस्थापन नसलेलं’ कुरण असं म्हणायला हवं होतं. २००३ मध्ये आजारी पत्नीसह त्यांनी जीवन संपवलं. त्यानंतर २००९ मध्ये एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकी अभ्यासक बाईंना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते, सामाईक गोष्टी लोक नियम करून टिकवू शकतात, हे दाखवल्याबद्दल. आमच्याच तालुक्यात बारीपाडा या गावाने आपलं जंगल असंच राखलं. त्या कामात पुढे असलेल्या चैत्राम पवार यांना २०२५ ची पद्मश्री मिळाली.

ऑस्ट्रॉमबाईंवरही लेख येऊ द्या. आणि एक विनंती. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमात अधिसूचित क्षेत्रात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहीर घ्यायला मनाई आहे. आमच्या शिवारात बोअरची गाडी रात्री येते. किती फूट गेली ते मालकाला आणि गाडीवाल्यालाच ठाऊक. मोजायला कोण येतं, याची बातमी आपल्या वार्ताहराने एकदा काढावी.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. साक्री, जि. धुळे