मोटारीचा हप्ता नव्हे, एकूण खर्च छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नव्या मोटारींच्या जाहिरातींत हल्ली गाडीची किंमत तळाशी बारीक अक्षरांत आणि महिन्याचा हप्ता मात्र हातभर मोठ्या अक्षरांत असतो. गाडी रोखीने घ्यावी, कर्ज काढून घ्यावी की ठरावीक मुदतीच्या भाडेकराराने, म्हणजे लीजवर, घ्यावी, याचा निर्णय अनेक जण त्या एका आकड्यावर करून मोकळे होतात. माझी नोकरीची सारी वर्षे हिशेब तपासण्यात गेली. त्या अनुभवावरून सांगते, की या तीन मार्गांची तुलना करायला हप्त्याइतका कुचकामी आकडा दुसरा नाही.

मध्यंतरी भाचीबरोबर गाडी पाहायला गेले होते. विक्री प्रतिनिधीचा पहिलाच प्रश्न होता, "महिन्याला किती जमेल?" तिने आकडा सांगितला, हप्ता त्याहून थोडा जास्त निघाला. तेव्हा किमतीला हातही न लावता त्याने मुदत ५ वर्षांवरून ७ वर्षांवर नेली, हप्ता तिच्या आकड्याच्या खाली आणला आणि जी थोडी जागा उरली तिच्यात सीट कव्हर व वाढीव वॉरंटीही बसवून टाकली. छापील कागदावर एकूण किती भरायचे हे कुठेच नव्हते. मी विचारल्यावर त्याने ते कागदाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून दिले, तेही जरा नाखुशीनेच.

हिशेब सोपा जावा म्हणून कर्जाची रक्कम १०० धरू. घटत्या शिलकीवर, म्हणजे फेडायच्या उरलेल्या रकमेवरच, वार्षिक १० टक्के दराने ते ३ वर्षांत फेडले, तर दरमहा ३.२३ आणि एकूण ११६ भरावे लागतात. तेच कर्ज ७ वर्षांत फेडायचे, तर हप्ता १.६६ वर, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर येतो. परंतु व्याज १६ वरून ३९ वर जाते. शिवाय ७ वर्षांच्या कर्जात ३ वर्षांनंतरही ६५ बाकी असतात. तोवर गाडी बाजारात ५५ ला विकली जाण्याजोगी झाली असेल, तर ती विकूनही पदरचे १० भरल्याशिवाय सुटका नाही. अपघातात गाडी पूर्ण निकामी झाली तरी विमा कंपनी साधारणपणे गाडीचे त्या वेळचे मूल्य देते, कर्जाची बाकी नव्हे, ही गोष्ट सही करताना कोणाच्याच मनात नसते.

व्याजाच्या दराचीही तीच कथा. "फ्लॅट १० टक्के" म्हणजे फेडून झालेल्या मुद्दलावरही शेवटपर्यंत व्याज. अशा दराने १०० चे कर्ज ५ वर्षांसाठी घेतले, तर एकूण १५० भरावे लागतात, आणि घटत्या शिलकीच्या भाषेत हा दर १७ टक्क्यांच्या वर जातो. "शून्य टक्के व्याज" या योजनेत रोखीच्या गिऱ्हाइकाला मिळणारी सूट बहुधा सोडावी लागते. १०० च्या गाडीवर ५ ची सूट सोडून ३ वर्षांचे बिनव्याजी हप्ते घेतले, तर त्या शून्याची खरी किंमत ३.४ टक्क्यांच्या आसपास पडते. दर फार नाही, हे खरे; पण मग त्याला शून्य का म्हणावे?

लीजचा हप्ता कमी दिसतो, कारण त्यात गाडीच्या पूर्ण किमतीची नव्हे, तर मुदतीत होणाऱ्या घसाऱ्याची, म्हणजे किमतीतील घटीची, भरपाई असते. १०० ची गाडी ३ वर्षांनी ५५ ची राहील असे करारात धरले, तर उरलेले ४५ हे ३६ महिन्यांत विभागून दरमहा १.२५ होतात, त्यावर १० टक्क्यांच्या हिशेबाने गाडीत अडकलेल्या पैशाचे व्याज सुमारे ०.६५. म्हणजे दरमहा १.९०, तीन वर्षांत ६८, आणि शेवटी किल्ली परत. तितक्याच मुदतीच्या कर्जात ११६ भरून ५५ ची गाडी आपली राहते, म्हणजे निव्वळ खर्च ६१. हा ७ चा फरक सगळाच तोटा नव्हे, कारण लीजमध्ये दर महिन्याला १.३३ आपल्याकडेच राहतात. मात्र करारातील किलोमीटरची मर्यादा ओलांडल्याचा दंड, ओरखड्यांची वसुली आणि मुदतीआधी करार मोडण्याचा खर्च यात धरलेला नाही, आणि गिऱ्हाईक पोळते ते बहुधा तिथेच. तरीही लीजला नावे ठेवण्याचे मला कारण दिसत नाही. गाडीचा भाव अपेक्षेपेक्षा अधिक कोसळला, तर गाडी परत करण्याच्या करारात तो फटका लीज कंपनी सोसते. विजेवरच्या गाड्यांचे तंत्र आणि किमती झपाट्याने बदलत असताना हे संरक्षण विकत घेण्याजोगे आहे. मात्र दहा-बारा वर्षे एकच गाडी वापरणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही.

रोखीचा हिशेब त्या मानाने सरळ आहे. ठेवीवर ६ टक्के मिळत असतील आणि कर्ज १० टक्क्यांनी असेल, तर रोख देणेच फायद्याचे. अडीअडचणीसाठी राखलेली रक्कम मात्र त्यात घालू नये. गाडीत गुंतलेला पैसा आजारपणात तातडीने मोकळा करता येत नाही. माझ्या भाचीने शेवटी निम्मी रक्कम रोख दिली, उरलेल्यासाठी ३ वर्षांचे कर्ज घेतले, आणि पसंत केलेल्या गाडीपेक्षा एक पायरी खालची गाडी घेतली. सीट कव्हर नंतर बाहेरून बसवली.

माझी विनंती आपल्या दैनिकाला आहे. मोटारींच्या परीक्षणात इंजिनाची ताकद आणि इंधनाचा हिशेब आपण आवर्जून देता. त्याच चौकटीत ५ वर्षांचा एकूण खर्च तिन्ही मार्गांनी द्यावा, आणि तो काढताना विमा, देखभाल व पुनर्विक्रीची किंमत काय धरली हेही छापावे. जाहिराती घेतानाही जिथे हप्ता छापला जाईल तिथे मुदत, घटत्या शिलकीवरचा वार्षिक दर आणि एकूण भरायची रक्कम तेवढ्याच आकाराच्या अक्षरांत असावी, अशी अट आपल्या जाहिरात विभागाने घालावी.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक