गुडघ्याखाली उशी नाही

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

रागावू नका, तारीख घेऊन टाकली. भाऊबीज झाली की आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन. विचारत बसले असते तर आधी "थंडी सरू दे", मग "आंबे होऊन जाऊ देत" हेच ऐकलं असतं. एक्सरेत आतल्या बाजूची फट उरलेलीच नाही, हाडाला हाड घासतंय. तेलाने किंवा इंजेक्शनने झिजलेली कूर्चा परत येत नाही गं. बाबा, पैशांचं मनात आणू नका. कृत्रिम सांध्याच्या किमतीवर २०१७ मध्ये सरकारने मर्यादा घातली, बाकीचं मी बघते.

आई, आधीचे हे आठवडे वाया घालवू नकोस. मांडीचा स्नायू आत्ता बळकट झाला तर नंतर उठणं सोपं जाईल. पलंगावर पाय लांब कर, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेव, गुडघा खाली दाबून पाच आकडे मोज, सोड. असं दहादा, दिवसातून तीन वेळा. तीन महिन्यांची साखर डॉक्टरांना ७.५ च्या आत हवी आहे, नाहीतर जखम चिघळायची भीती. म्हणजे बाबा, तो फरसाणाचा डबा घरात नको. किडलेली दाढही आत्ताच दाखव. दातातले जंतू रक्तातून नव्या सांध्यात उतरू शकतात.

कमोड आणि भिंतीला धरायचा दांडा बसवायला माणूस येईल. देव्हारा टेबलावर घ्या, पूजा खुर्चीत बसून. मांडी घालून बसणं यापुढे नाही, हे तुझ्या मनाला लागेल, मला ठाऊक आहे. पण ज्या पायांवर पालथं घालून मला न्हाऊ घातलंस, त्यांच्यासाठी एवढं कर ना.

ऑपरेशनच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतील. पहिले काही दिवस दुखेल, पण दुखणं आवरायला औषध असतं. व्यायामाच्या अर्धा तास आधी घ्यायचं. बर्फ पंच्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, उघड्या कातडीवर नाही.

आणि गुडघ्याखाली उशी ठेवायची नाही. अजिबात नाही! बरं वाटतं खरं, पण पाय वाकलेल्या अवस्थेतच आखडतो आणि मग कायमचं लंगडणं. आत्याचं आठवतंय ना? उशी हवीच असेल तर टाचेखाली, म्हणजे गुडघा आपोआप सरळ होईल. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला बधिर वाटेल, सांधा कटकट वाजेल, काही महिने गरमही लागेल. त्याने घाबरू नकोस.

सुरुवातीला मी आहेच. नंतर मला निघावं लागेल, म्हणून ब्युरोतून बाई ठरवली आहे. परक्या हातचा चहा तुला आवडत नाही, तो बाबाच करतील. बाबा, तुमच्यासाठी: पायपुसणी सगळी उचला, वॉकर त्यातच अडकतो. पोटरी सुजून दुखू लागली, जखमेतून पाणी आलं किंवा ताप चढला तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन; एकदम धाप लागली तर थेट १०८. मालिशवाल्या काकू आल्या तर टाके निघून व्रण पूर्ण सुकेपर्यंत दारातूनच चहा पाजून परत पाठवा.

तुमची,
छकुली