सवाई कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एखादी भाषा मागाहून शिकलेला माणूस ती जन्मापासून बोलणाऱ्यापेक्षा चांगली बोलू शकतो का, यावर आपल्या पत्रांच्या सदरात गेले दोन आठवडे चांगलीच जुंपली आहे. एका बाजूचं म्हणणं, परभाषक नियम शिकून येतो म्हणून त्याची भाषा जास्त शुद्ध. दुसरी बाजू म्हणते, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मी बरीच वर्षं प्रौढांना मराठी शिकवते आहे. दोन्हीकडची पत्रं वाचताना मला माझी एक विद्यार्थिनी आठवत राहिली. तिने एकाच वर्षात या दोन्ही बाजूंना तोंडघशी पाडलं होतं.

सुरुवातीला तिने वहीत लिहिलं, 'तो पत्र लिहिला.' मी त्याचं 'त्याने पत्र लिहिलं' केलं आणि नियम सांगितला: भूतकाळ असेल, क्रियापद सकर्मक असेल, तर कर्त्याला 'ने' लागतो आणि क्रियापद कर्माच्या लिंगावर, वचनावर जातं. तिने मान डोलावली. पुढच्या तासाला वहीत वाक्य होतं, 'त्याने धडा शिकला.' मी 'त्याने' खोडून 'तो' लिहिलं.

'का? शिकणे सकर्मक नाही का?'

'आहे.'

'मग?'

मग काय! 'आपण तसं म्हणत नाही,' एवढंच माझ्या तोंडून निघालं. हे उत्तर शेजारच्या काकूंनीही दिलं असतं, त्यासाठी शिक्षिका कशाला हवी? घरी जाऊन व्याकरणाची पुस्तकं उघडली. शिकणे, विसरणे, पिणे, म्हणणे, बोलणे अशी मोजकी क्रियापदं कर्म घेतात, पण कर्त्याला 'ने' लावू देत नाहीत. म्हणजे 'तिने नाव सांगितलं', पण 'ती नाव विसरली'. आयुष्यभर ही क्रियापदं बिनचूक वापरत आले होते, पण त्यांचा असा वेगळा गट आहे हे मला त्या दिवशी कळलं. तिला ते आठवड्याभरात पाठ झालं.

पुढे तर कमालच झाली. वर्गात मी सहज म्हणून गेले, 'मी तुम्हाला मागच्या वेळी बोलले होते ना?' तिचा हात वर. 'बाई, सांगितलं होतं, ना?' वर्ग हसला, मीही हसले. चूक माझीच होती. बोलणे, म्हणणे आणि सांगणे यांतला फरक मीच तिला महिनाभर घोटून शिकवला होता. हल्ली 'मी त्याला बोललो की' या एका बोलण्याने म्हणणं आणि सांगणं दोन्ही गिळत आणली आहेत आणि ती लागण मलाही झाली होती.

इथे थांबले असते तर आपल्या सदरातली पहिली बाजू जिंकली असती. पण काही महिन्यांनी मी वर्गावर पोहोचले तेव्हा ती दारातच उभी होती. हसून म्हणाली, 'या बाई, आलात एकदाच्या!'

वाक्य तपासून पाहा. 'आलात' आदरार्थी. 'एकदाच्या' स्त्रीलिंगी, आदरार्थी बहुवचनी, कर्त्याशी नीट जुळलेलं. व्याकरणाने बोट ठेवावं अशी जागा नाही. फक्त मी वेळेवर आले होते. तिने कुठेतरी 'एकदाचा म्हणजे अखेर' एवढं वाचलं होतं. त्या शब्दात वाट पाहून कंटाळल्याचा किंवा सुटका झाल्याचा एक सुस्कारा असतो, तो अर्थाच्या रकान्यात मावत नाही. चार वर्षांच्या पोराला तो सुस्कारा कळतो, जागेवर टाकताही येतो. समजावून सांग म्हटलं तर मात्र ते पोर माझ्यासारखंच गप्प बसेल.

असलं बरंच काही बारक्या अक्षरांत भरलेलं असतं. 'बस ना' मध्ये आर्जव आहे. 'बस की' मध्ये 'तुला कोणी अडवलंय?' आहे. 'बस बरं' म्हटलं की बोलणारा वयाने मोठा तरी असतो, नाहीतर मोठेपणा तरी घेतो. व्याकरणाची पुस्तकं यांची बोळवण दोन ओळींत करतात. बरोबरच आहे, तिसरी ओळ कोणाला लिहिता येणार? माझ्या विद्यार्थिनीचा शब्दसंग्रह माझ्या काही नातेवाइकांपेक्षा मोठा आहे, पण ही अक्षरं ती अजून मोजून टाकते.

कानाचं दुखणं त्याहून जुनं. 1984 मध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या कॅनडातल्या संशोधकांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या तान्ह्या मुलांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक मुलांना फरक ऐकू आला. वर्षाची होईतो बहुतेकांचा तो गेला. म्हणजे मूल अजून धड बोलायलाही लागलेलं नसतं आणि कानाने काही दारं लोटून घेतलेली असतात. मराठीत आपण 'जरा थांब' मधला ज आणि 'जराजर्जर' मधला ज वेगवेगळे उच्चारतो. अक्षर एकच, त्यामुळे वाचून शिकणाऱ्याला खूण कसलीच नाही. दारं कायमची बंद होतात असं मी म्हणणार नाही, जिद्दीने उघडणारे मी पाहिले आहेत. पण त्यांना ढकलावी लागतात.

आपल्या पत्रलेखकांची आणखी एक गल्लत होते आहे. प्रश्न बोलण्याचा आहे आणि दाखले देताहेत लिहिणाऱ्यांचे. जोसेफ कॉनरॅड यांचं नाव दोघांनी घेतलं. ते 1857 साली पोलिश घरात जन्मले, आधी फ्रेंच शिकले आणि विशीच्या सुमाराला जहाजांवर असताना इंग्रजीकडे वळले. इंग्रजीतल्या मोठ्या कादंबरीकारांत त्यांची गणना होते, हे खरंच. पण त्यांच्या इंग्रजी बोलण्यात परकी धाटणी शेवटपर्यंत ठळक होती. लिहिताना माणूस थांबतो, खोडतो, दुसरा शब्द शोधतो. बोलताना समोरचा तोंडाकडे बघत उभा असतो.

दुसऱ्या बाजूनेही एक गोष्ट गृहीत धरली आहे, की मातृभाषक सगळे एकसारखे. एवा डोंब्रोव्स्का या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी (त्या स्वतः मूळच्या पोलिश, हे मला फार आवडतं) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजी हीच मातृभाषा असलेल्या प्रौढांना साधी कर्मणी वाक्यं ऐकवली: कोणी कोणाला चावलं, एवढंच ओळखायचं. कमी शिकलेल्यांपैकी बरेच जण त्यात चुकले. मातृभाषा म्हणून जन्मतःच सगळं हाती येतं, हा आपला भाबडेपणा आहे. पुस्तकी रचना, कचेरीतली भाषा, भाषणाची भाषा या मातृभाषकालाही शिकाव्या लागतात आणि तिथे शर्यत दोघांची सारखीच असते. परका पुढे जाऊ शकतो, जातोही.

आपल्याच घरातलं उदाहरण मोल्सवर्थ यांचं. त्यांचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली निघाला आणि 1857 च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्द साठ हजारांच्या घरात गेले. आजही जुना मराठी शब्द अडला की आपण मराठी माणसं एका इंग्रजाचा कोश उघडतो. पण तो कोश करताना ते मराठी पंडितांना बरोबर घेऊन बसले होते. वेचणारे हात परके असले, तरी शब्द खरा की खोटा, त्याची छटा कोणती, हे ठरवायला मराठी जीभच लागत होती.

माझं म्हणणं एवढंच आहे. शिकलेला माणूस माझ्यापेक्षा चांगलं बोलू शकतो, तुमच्यापेक्षाही. पण आपल्या सगळ्यांपेक्षा तो चांगलं बोलू शकत नाही, कारण 'चांगलं' म्हणजे काय ते आपण सगळे मिळून ठरवतो. काका कालेलकरांची मातृभाषा मराठी. त्यांनी गुजरातीत असं गद्य लिहिलं, की गांधीजींनी त्यांना 'सवाई गुजराती' म्हटलं, आणि 1965 चा साहित्य अकादमी पुरस्कारही त्यांना गुजरातीतल्या लेखनासाठीच मिळाला. सवाई, म्हणजे सव्वापट. पण ती पदवी द्यायला जन्माने गुजराती असलेलाच माणूस लागला. दुसऱ्या मराठी माणसाने ती कालेलकरांना दिली असती तर कोणी विचारलं असतं?

यात शिकणाऱ्यावर एक अन्यायही आहे. उद्या सगळेच 'मी त्याला बोललो' म्हणू लागले, तर तेच बरोबर ठरेल. आम्ही पुढे सरकू आणि माझी विद्यार्थिनी माझ्याकडून शिकलेलं 'म्हणाले' आणि 'सांगितलं' जपत मागे उभी राहील. तिची चूक काय, तर तिने नियम पाळला. आम्ही मोडला तर बदल, तिने मोडला तर चूक.

आणि थोडं आपल्याबद्दल. परक्या धाटणीचं मराठी कानावर पडलं की आपण लगेच दुसऱ्या भाषेत शिरतो. नाहीतर 'अय्या, किती छान बोलता हो तुम्ही!' म्हणतो. मला जन्मात कोणी असं म्हटलेलं नाही, तुम्हालाही नसेल. ती मला एकदा म्हणाली, 'बाई, हे ऐकलं की मी नापास झाले असं वाटतं.' तेव्हा मला ते नीटसं कळलं नव्हतं.

गेल्या महिन्यात तिचा रात्री फोन आला. घरभाड्याच्या अनामत रकमेवरून एका माणसाशी तिचं फोनवर पाऊण तास कडाक्याचं भांडण झालं होतं. पैसे मिळाले का, असं मी विचारलं. 'नाही मिळाले,' ती म्हणाली, आणि आवाजातला आनंद तिला लपवता येत नव्हता. 'पण बाई, तो शेवटपर्यंत मराठीतच भांडला. आणि छान बोलता असं एकदाही म्हणाला नाही.'

आपली,
एक मराठी शिक्षिका