पैसे देण्याआधी टायरवरचे आकडे पाठव

मिरज, रविवार

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

परवा तू पाठवलेला सायकलचा फोटो मी दोन-तीनदा मोठा करून पाहिला. रंग छान आहे. बाबा म्हणाले, "पोरीला आवडलीय, घेऊ दे की." मी फोनवर नुसतं "बघते" म्हटलं, ते तुला लागलं असेल. पण मला जे सांगायचंय ते दोन लेक्चरच्या मधल्या पाच मिनिटांत मावणारं नाही, म्हणून बसून लिहिते आहे.

पुणे विद्यापीठाचं आवार चारशे एकरांहून मोठं. होस्टेलपासून डिपार्टमेंटला रोज चालत जाऊन पाय दुखतात म्हणतेस, तेव्हा सायकल हवीच. तू स्कूटी न मागता सायकल मागितलीस, याचा मला किती आनंद झाला ते सांगता येत नाही. माझं सगळं लहानपण अण्णांच्या सायकल दुकानात गेलं. भाड्याच्या चौदा सायकली होत्या, प्रत्येकीच्या मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात नंबर, हँडलखाली नगरपालिकेचा बिल्ला. शाळेतून आले की मी वही घेऊन बसायची. कोण किती वाजता घेऊन गेलं, किती वाजता आणली, किती पैसे. तू आजोबांना थकलेले पाहिलंस. मी पाहिले ते उकिडवे बसून मागच्या चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढताना, खडू रिमच्या जवळ स्थिर धरून चाक हळूच फिरवताना. चाक जिथे बाहेर आलेलं असेल तिथे रिमला खडूची खूण उठायची. मग तेवढ्याच आऱ्यांची निपल, म्हणजे रिमजवळची छोटी नटं, पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे. पुन्हा फिरवायचं. खूण लांब व्हायला लागली की चाक सरळ येतंय असं समजायचं.

तर मुद्द्याचं. ही सायकल फोनवरून मागवू नकोस. बाराशे रुपये स्वस्त मिळतेय हे खरं आहे. पण ती खोक्यात येते. जाहिरातीत "८५ टक्के जोडलेली" लिहितात. उरलेले १५ टक्के म्हणजे हँडल, पुढचं चाक, पायडल, ब्रेक. माणूस ज्यांच्या भरवशावर रस्त्यावर उतरतो ते सगळं.

मावशीकडे गेल्या दिवाळीत काय झालं ते तुला कुणी सांगितलं नसेल. दादाची सायकल घरपोच आली, त्यानं हौसेनं स्वतः जोडली. पायडल दोन असतात आणि दोन्ही दिसायला सारखीच. त्यानं डावं उजवीकडे लावलं. पहिले दोन आटे कसेबसे गेले, मग अडकलं. त्याला वाटलं नवी आहे म्हणून घट्ट आहे, त्यानं पाना लावून जोर केला. क्रँकच्या, म्हणजे पायडल ज्यात बसतं त्या दांड्याच्या, भोकातून ॲल्युमिनियमचा बारीक चुरा खाली पडत होता, चकचकीत, रव्यासारखा. तो त्यानं फडक्यानं पुसून टाकला. तिसऱ्या दिवशी उभं राहून चढ चढवताना पायडल निखळलं आणि गुडघा फुटला. क्रँक बदलावा लागला. त्या कंपनीला फोन केले तर जोडणी तुम्ही केली, आमची जबाबदारी नाही, असं उत्तर आलं. बाराशे वाचले होते, ते गेले आणि वर आणखी गेले.

हे तुला आत्ताच सांगून ठेवते, सायकल कुठूनही घेतलीस तरी. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. पायडल मारताना ते आपोआप सैल होऊ नये म्हणून तशी रचना आहे. पायडलच्या दांडीच्या टोकावर एल आणि आर कोरलेलं असतं. आणि लक्षात ठेवायला सोपं: पाना वरच्या बाजूला धरून सायकलच्या तोंडाकडे ढकलला की दोन्ही पायडल आवळतात, मागे ओढला की दोन्ही सुटतात. सुरुवातीचे चार-पाच आटे पाना न लावता हातानंच जायला हवेत. जात नसतील तर थांबायचं.

अण्णांकडे लुधियानाहून नवा माल यायचा तोही सुटाच. पण एक सायकल उभी करायला ते अख्खा दिवस घ्यायचे. आलेली चाकं जशीच्या तशी कधी बसवली नाहीत. हब, म्हणजे चाकाचा मधला गड्डा, उघडायचे, आत बोटभर ग्रीस भरायचे आणि मी वाटीतले छर्रे मोजून द्यायची. पुढच्या चाकाला एका बाजूला १०, बारीक. मागच्याला ९, जरा मोठे. ग्रीसमध्ये ते मोत्यासारखे चिकटून बसायचे. मग छर्‍यांना दाबून धरणारा नट, ज्याला कोन म्हणतात, तो आवळायचा. जास्त आवळला तर चाक जड फिरतं, सैल राहिला तर चाक हलतं. ते जमलंय की नाही हे बघायला अण्णा चाक उचलून सोडून द्यायचे. व्हॉल्व्हच्या वजनानं चाक आपसूक फिरून व्हॉल्व्ह खाली येऊन थांबला की ते मान डोलवायचे.

असा माणूस तुला पुण्यात शोधायचाय. कुठली सायकल हे नंतर बघू. होस्टेलपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावरचं दुकान शोध, काचेचं शोरूम नसलं तरी चालेल. संध्याकाळी तिथे नुसती उभी राहा. दुरुस्तीला आलेल्या जुन्या सायकली दिसतायत का, की फक्त नव्या ओळीत लावल्यात? भिंतीवर पाने टांगलेत का? मालकाला विचार, "काका, जोडणी कोण करतं? आणि महिन्यानं परत आणली तर बघून द्याल ना?" नव्या सायकलीच्या ब्रेकच्या तारा पंधरा दिवसांत ताणतात, आरे बसतात, चाक थोडं आउट होतं. ही खोट नव्हे, सगळ्याच सायकलींचं होतं. म्हणून पहिल्या महिन्यानंतरची ती एक फेरी फार महत्त्वाची. जो दुकानदार हे स्वतःहून सांगेल, त्याच्याकडून घे. दोनशे-पाचशे जास्त गेले तरी मी देईन.

आता सायकल कुठली. पूर्वी हे सोपं होतं. हर्क्युलस, हिरो, ॲटलास, एव्हन, कुणाचीही काळी सायकल असो, बहुतेक सुटे भाग एकमेकांना चालायचे. ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला, तोही जागतिक सायकल दिनीच. तरी आपल्या गल्लीत दूध घालणाऱ्या काकांची ॲटलास अजून फिरते आहे. चेन कुणाचीही बसते, फ्रीव्हील, म्हणजे मागच्या दातेरी चकत्या, कुणाचंही बसतं, क्रँक पक्का धरणारी कॉटर पिन कोपऱ्यावर मिळते. नव्या फॅशनच्या सायकलींचं तसं नाही. फोटोतल्या त्या सायकलीचा पुढचा शॉकॲब्सॉर्बर बिघडला तर तो दुरुस्त होत नाही, अख्खा बदलावा लागतो. तुझ्या बजेटमध्ये मिळणारा शॉकॲब्सॉर्बर वजन वाढवतो आणि चढावर तुझा जोर खातो, बाकी काही करत नाही. साधा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा बिनशॉकचा चिमटा, असलेली घे. मडगार्ड, कॅरिअर आणि स्टँड हवेतच. पावसाळ्यात मडगार्ड नसलं तर पाठीवर चिखलाची रेघ घेऊन वर्गात बसावं लागेल. गिअर हवे असतील तर मागे सहा-सात पुरेत. पुणं मिरजेसारखं सपाट नाही, हे मला मान्य आहे. पण पुढचे तीन आणि मागचे सात मिळून २१ गिअर तू कधीच वापरणार नाहीस आणि बिघडायला मात्र एक जागा जास्त.

रिम स्टीलची आहे की ॲल्युमिनियमची ते बघ. फ्रिजवरचं एखादं लोहचुंबक खिशात घालून जा. रिमला चिकटलं तर स्टील. ओल्या स्टीलच्या रिमवर ब्रेकचं रबर घसरतं, सायकल लगेच थांबत नाही. पुण्याच्या पावसात तुला ॲल्युमिनियमचीच हवी.

आणि टायर. याबाबत फार लोक फसतात. "२६ इंची" म्हणून मिळणारे सगळे टायर एकाच मापाचे नसतात. टायरच्या कडेला २६ x १ ३/८ लिहिलेलं असेल तर त्याच्या रिमचं माप ५९० मिलिमीटर. २६ x १.९५ लिहिलेलं असेल तर ५५९. एकाचा टायर दुसऱ्याला कधीच बसत नाही. तू निवडलेल्या दुकानात त्या मापाचे टायर-ट्यूब नेहमी असतात का, हे विचारून घे. मागवून द्यावे लागतील म्हणाले, तर ती सायकल नको.

उंचीचंही तिथेच बघून घे. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवायची, पायडल अगदी खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवून चालवलं की गुडघ्यात जेवढा हवा तेवढाच बाक राहतो. मुली सीट फार खाली ठेवतात, दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून. त्यानंच गुडघे दुखतात.

घेतल्यावर फार काही करावं लागत नाही, पण जे करायचं ते नेमानं. दर आठवड्याला हवा. टायरच्या कडेला दाब लिहिलेला असतो, त्या मर्यादेत ठेव. हवा कमी असली की खड्ड्यात ट्यूब रिम आणि टायरच्या मध्ये चेमटते आणि तिला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. अण्णा गिऱ्हाइकांच्या पोरांना नेहमी सांगायचे की हवेचा टायर चालता केला तो बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरनं, १८८८ च्या सुमाराला, स्वतःच्या पोराच्या तीनचाकीसाठी. बापानं पोराला हादरे बसू नयेत म्हणून एवढं केलं, तुम्हाला साधी हवा भरता येत नाही का, असं म्हणून ते पंप हातात द्यायचे.

चेनला तेल घालताना वरून ओतू नकोस. खालच्या बाजूची चेन, तिच्या आतल्या अंगाला, एकेका रोलरवर एक थेंब. पायडल उलटं फिरवत राहा. मग दहा मिनिटांनी कोरड्या फडक्यानं बाहेरचं सगळं तेल पुसून काढ. तेल रोलरच्या आत हवं. बाहेर राहिलं की त्यावर धूळ बसते आणि ती पॉलिश पेपरसारखी दात खाते. पावसात भिजली की त्याच संध्याकाळी चेन पुसायची, उद्यावर टाकायची नाही.

सहा महिन्यांनी एकदा चेन मोज. तुझ्या कंपासपेटीतली फूटपट्टी अजून असेल ना? एका पिनच्या मधोमध शून्य ठेव. तिथून पुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर यायला हवी. एक सोळांश इंच पुढे गेली असेल तर चेन बदल. आळस करून एक अष्टमांशापर्यंत जाऊ दिलीस तर मागच्या चकत्यांचे दातही त्या लांबलेल्या चेनच्या मापानं घासलेले असतात, मग नवी चेन त्यांवर टिकत नाही, उड्या मारते. दोन-चारशेच्या चेनसाठी दोन्हीचा खर्च. दुकानदारानं चेन बदलायला सांगितली तर आधी स्वतः मोजून मग हो म्हण. त्याच्यावर अविश्वास म्हणून नव्हे. आपल्या सायकलीचं आपल्याला ठाऊक हवं.

पंक्चर तुला काढता येतं, मी सातवीत शिकवलंय. फक्त एक गोष्ट तू तेव्हाही विसरायचीस. सोल्यूशन लावल्यावर त्याची चमक जाईपर्यंत थांबायचं, मगच पॅच. आणि ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवायचं, हळू. काटा तिथेच असतो.

बिल पक्कं घे. सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ चा ५ टक्के झालाय, तो बिलावर दिसला पाहिजे. पायडलच्या मधल्या नळीखाली फ्रेमचा नंबर कोरलेला असतो, त्याचा फोटो काढून मला पाठव. होस्टेलवर कुलूप लावताना चाकाला नुसतं लावू नकोस, फ्रेममधून काढून खांबाला लाव.

मामा शुक्रवारी पुण्याला येतोय. त्याच्याबरोबर अण्णांचे दोन पाने देते आहे, एक पायडलचा १५ नंबरचा आणि दुसरा आरे आवळायचा छोटा गोल. गोल पान्याच्या एका खाचेशी अण्णांनी कानशीनं खूण केली आहे, ती आपल्या मापाची. आऱ्यांना मात्र तू एकटीनं लगेच हात लावू नकोस. दिवाळीत आलीस की अंगणात सायकल उलटी करू आणि खडू घेऊन बसू.

दुकान सापडलं की कळव. सायकल पसंत पडली की पैसे देण्याआधी टायरवरचे आकडे आधी मला पाठव. मी शनिवारी दुपारी मोकळीच आहे.

तुझी
आई