आत रोल आहे का?

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मी विचारलं नाही. पावतीवर होतं, पण तुमचं अक्षर डॉक्टरांना लाजवेल असं, त्यामुळे आपलं काकाच बरं. मी कोण ते तुम्हाला आठवणार नाही. एका मंगळवारी भर दुपारी टॉवेलात गुंडाळलेला कॅमेरा घेऊन आले होते आणि तो टेबलावर ठेवायच्या आधीच म्हणाले होते, "नाही झाला तरी चालेल हो." तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत. बहुधा मनात म्हणाला असाल, मग आणलाय कशाला?

तसं म्हणायची सवय मला लावली गेली होती. तुमच्याआधी दोन ठिकाणी जाऊन आले होते ना.

पहिल्या ठिकाणी काउंटरवरच्या माणसाने कॅमेरा हातात घेतला, फिरवून पाहिला आणि मी तोंड उघडायच्या आत डावीकडची खुंटी खटकन वर ओढली. मागचं झाकण उघडलं. वर ट्यूबलाइट लख्ख जळत होती. "हे काय अडकलंय?" म्हणत त्याने फिल्म बोटांनी बाहेर ओढली, हातभर. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "रोल होता का आत? सांगायचं ना मॅडम!"

सांगायचं ना. दीड सेकंदात कधी सांगायचं होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

अठ्ठावीस फोटो झाले होते त्या रोलवर. "एक रोलच गेला ना, दुसरा टाका," असंही तो म्हणाला, आणि ते काही तो वाईट मनाने म्हणाला नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. त्याने कॅमेऱ्यात काहीतरी खुडबुड केली, पैसे घेतले, कॅमेरा चार-पाच आठवडे चालला आणि पुन्हा बसला. दुसऱ्या ठिकाणी तर झाकणापर्यंतसुद्धा गोष्ट गेली नाही. "हा डबा आता कोण उघडणार? मोबाइल घ्या चांगलासा." माझ्या हातात मोबाइल होताच. दुकानाचा पत्ता त्यातच बघत आले होते.

अठ्ठावीस फोटोंचं एवढं काय, तर ते सांगायला माझी सुट्टी सांगावी लागेल.

मला आठवड्यात एकच सुट्टी, मंगळवारची. रविवारी आम्ही कामावर. मंगळवारची सुट्टी ही इतरांच्या लेखी सुट्टी नसतेच. "तू घरीच आहेस ना, मग जरा..." इथून सुरू होणारी वाक्यं सकाळी आठपासून यायला लागतात. घरीच आहेस ना, मग जरा बँकेत जाऊन ये. मग जरा प्लंबर येईल, त्याच्यावर लक्ष ठेव. या 'मग जरा'मध्ये अख्खा मंगळवार जाऊ शकतो. माझे कित्येक गेले. शेवटी मी एक युक्ती काढली. कॅमेरा गळ्यात अडकवून गच्चीवर जायचं. हातात पुस्तक असलं की लोक ते बाजूला ठेवायला सांगतात, पण डोळ्याला कॅमेरा लावलेल्या माणसाला का कोण जाणे, कुणी हाक मारत नाही.

आणि गच्चीवर करायचं काय? काहीच नाही. धुतलेल्या चादरीवर बादलीच्या कडीची सावली पडते, ती हळूहळू सरकते, ते बघायचं. पायऱ्या धुतल्यावर उमटलेली ओल्या पावलांची रांग टाचेपासून वाळते की बोटांपासून, ते बघायचं. (बोटं आधी वाळतात. टाच शेवटपर्यंत टिकते. निदान माझी तरी.) रोलमध्ये छत्तीसच फोटो, म्हणून हात आखडता. मंगळवारी चार, फार तर. त्यामुळे एक फोटो घ्यायला अर्धा तास लागतो, आणि तो अर्धा तास हीच माझी सुट्टी. फोटो हे त्याचं निमित्त.

तर अठ्ठावीस फोटो म्हणजे सात मंगळवार. त्यात लग्न नव्हतं, वाढदिवस नव्हता, सहल नव्हती. तसलं काही असतं तर दहा जणांच्या मोबाइलमध्ये सापडलं असतं, कुणाकडून तरी मागून घेतलं असतं. पण एका मंगळवारी दुपारी साडेतीनला पाण्याच्या पेल्यातून फरशीवर पडलेला उजेड कसा होता, याला माझ्याशिवाय दुसरा साक्षीदार नाही. आणि माझ्याकडचा एकमेव पुरावा तो गृहस्थ बोटांनी हातभर बाहेर ओढून बघत होता.

तुम्हाला हे वेगळं सांगायला नको, पण हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांनी फिल्म कधी हाताळली नाही त्यांच्यासाठी सांगते. फोटो काढल्यावर फिल्मवर काहीही दिसत नाही. चांदीच्या क्षाराच्या बारीक कणांवर उजेडाने अगदी मोजक्या अणूंएवढा बदल केलेला असतो, बस. रसायनात बुडवेपर्यंत चित्र आहेही आणि नाहीही. अशी न दिसणारी प्रतिमा रसायनाने वर आणता येते, हे इंग्लंडमध्ये कागदावर फोटो काढणाऱ्या टॅलबट नावाच्या संशोधकाच्या ध्यानात आलं १८४० साली, आणि तिथपासून कागदावरच्या फोटोसाठी कॅमेऱ्यासमोर तासभर ताटकळायची गरज संपली. मधल्या काळात, म्हणजे बटण दाबल्यापासून फिल्म धुतली जाईपर्यंत, ते चित्र फक्त अंधाराच्या भरवशावर असतं. झाकण उघडायला दीड सेकंद पुरतो.

आता तुमची गोष्ट.

त्या मंगळवारी सकाळी एकोणिसावा फोटो काढला आणि व्ह्यूफाइंडर काळाकुट्ट झाला. कॅमेऱ्यातला आरसा वर गेला तो खाली येईना. फिल्म पुढे सरकवायचा लिव्हर हलेना. मी गच्चीच्या पायरीवर बसून चक्क रडले. मोठ्या माणसाने कॅमेऱ्यासाठी रडावं का, तर नाही, पण सुट्टीच्या दिवशी तेवढी मुभा असावी. मग कुणीतरी तुमचं नाव सुचवलं. नाव म्हणजे नाव नाही, "ते जिन्याखाली बसतात ते."

तुम्ही कॅमेरा घेतलात. तुमचा अंगठा त्याच खुंटीवर गेला. माझ्या पोटात गोळा आला, पण मी गप्प बसले. आपण बोलेपर्यंत व्हायचं ते होऊन जातं, असं मनाने धरलेलं होतं. आणि तुमचा अंगठा तिथेच थांबला. तुम्ही खुंटीवरचा छोटा दांडा उलगडून अगदी पाव फेरा फिरवलात, बोटाला ताण लागतोय का ते पाहिलंत, आणि मान वर करून विचारलंत, "ताई, आत रोल आहे का?"

ताणावरून तुम्हाला कळलेलंच होतं. तरी विचारलंत.

हे पत्र त्या एका प्रश्नासाठी आहे, काका. बाकी सगळं तुमचं कौशल्य, त्याबद्दल तुम्हाला पैसे मिळाले आणि ते तुम्ही नीट मोजून घेतलेत, तेही मला बरं वाटलं. पण या प्रश्नाचे पैसे कुठल्याच पावतीत लागत नाहीत.

मी हो म्हटलं. "कितवा?" एकोणिसावा. झाकण उघडलं की आकडा शून्यावर जातो, म्हणून तुम्ही पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा फाडून त्यावर पेनने '१९' लिहिलंत आणि कॅमेऱ्याच्या डोक्यावर चिकटवलात. मग रोल मागे गुंडाळायला लागलात, हळूहळू, आणि मध्येच कॅमेरा माझ्या कानाशी धरलात. "ऐका. टोक सुटलं की आवाज येईल." मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यातला एक घड्याळ बघत होता. आणि मी कॅमेरा कानाला लावून बसले होते, लहानपणी शंख लावायचो तशी. कर्रकर्र, कर्रकर्र, आणि मग अगदी बारीक, टक. "बास," म्हणालात तुम्ही, आणि एक फेराही जास्त न फिरवता थांबलात. झाकण उघडलं तेव्हा फिल्मची जीभ बाहेर तेवढी होती, बाकी मंगळवारांतले सगळे एकोणीस क्षण डबीत सुखरूप.

दुरुस्तीबद्दल मी फार लिहीत नाही, मला ती कळलीही नाही. जुना फोम विरघळून डांबरासारखा चिकट झालेला, त्यालाच आरसा चिकटला होता, एवढं समजलं. तुमच्या नखात ते काळं शेवटपर्यंत होतं. मात्र त्यानंतरचं मला घरी जाऊन लिहून ठेवावंसं वाटलं. तुम्ही तोच रोल परत घातलात, लेन्सवर टोपण लावलंत, शटरचा वेग सगळ्यात जास्त ठेवलात आणि कॅमेरा माझ्याकडे दिलात. "वीस वेळा दाबा. मी मोजतो. शटरची परीक्षाही होऊन जाईल." मी दाबत गेले, तुम्ही मोठ्याने मोजत गेलात. एक. दोन. तीन. बारावर तुम्हाला फोन आला, तो तुम्ही तेरा म्हणून मग घेतलात, "नंतर करतो" म्हणालात आणि पुढचा आकडा चौदाच होता. एकोणिसानंतर मी थांबले, तर म्हणालात, "अजून एक. विसावा रिकामा जाऊ दे. एकावर एक चढायला नको."

निघताना रागावलातही. "पुढच्या वेळी कुठेही द्यायच्या आधी रोल काढून नेत जा. सगळेच विचारत नाहीत." आणि उजेड मोजायच्या मीटरचा सेल संपलाय हे बघून म्हणालात, आज त्याच्यावाचून अडायचं नाही, स्वच्छ ऊन आहे, ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, १६ वर ठेवा आणि शटरचा वेग फिल्मच्या आकड्याएवढा. चारशेची फिल्म, म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भाग, तोच जवळचा. मी त्या दिवशी उरलेल्या उन्हात पाच फोटो काढले. माझ्या हिशेबाने ती उधळपट्टीच.

पॅरिसच्या एका रस्त्याचा फोटो तुम्ही पाहिला असेल. फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या काळातल्या डागेर या फ्रेंच माणसाने १८३८ मध्ये खिडकीतून काढलेला. रस्ता गजबजलेला होता, पण उजेड पकडायला तेव्हा काही मिनिटं लागत, म्हणून चालणारी माणसं, घोडे, गाड्या, काहीच उमटलं नाही. उमटला तो बूट पॉलिश करून घ्यायला थांबलेला एक माणूस. माणसाचा सर्वांत जुना फोटो म्हणून तो सांगितला जातो आणि सगळे त्या उभ्या माणसाबद्दल बोलतात. त्याच्या पायाशी वाकलेला एक जण आहे, थोडा पुसट, कारण त्याचे हात चालू होते. मला हल्ली तो फोटो पाहिला की तुमचं जिन्याखालचं टेबल आठवतं, आणि मागे घड्याळ बघत उभा असलेला तो दुसरा गिऱ्हाईकही. तो त्या फोटोत नसता आला.

त्या दिवसापासून मी बघायला लागले आहे, उघडण्याआधी विचारणारी माणसं किती असतात. असतात, पण आवाज करत नाहीत म्हणून लक्षात येत नाहीत. छातीवर नळी टेकवायच्या आधी "गार लागेल हं" म्हणणाऱ्या नर्सबाई. आमच्या ऑफिसात एक मुलगा आहे, दुसऱ्याचा संगणक बंद करायच्या आधी आख्ख्या खोलीला विचारतो, "कुणाचं काही सेव्ह करायचं राहिलंय का?" त्याला सगळे हसतात. मीही हसायचे. आता त्याने विचारलं की मी मुद्दाम उत्तर देते, माझं काही राहिलेलं नसलं तरी.

रोल काल धुऊन आला. फोटो म्हणाल तर यथातथाच. अकराव्यावर जुन्या फोममधून शिरलेल्या उजेडाचा पांढरा पट्टा आहे. सतरावा हलला आहे. ओल्या पावलांचा मात्र बरा आलाय, टाच स्पष्ट दिसते. पट्टी खिडकीशी धरली तर एकोणिसाव्यानंतर एक चौकोन अगदी नितळ, आरपार, त्यातून समोरची भिंत दिसते. मग एकविसावा. मधे रेघभरही गडबड नाही. ती पट्टी मी तशीच अख्खी ठेवली आहे, कापून पाकिटात घातलेली नाही.

'१९' ची चिकटपट्टी अजून कॅमेऱ्यावर आहे. कडा काळ्या झाल्यात.

नवा रोल घातलाय, सातवा फोटो झालाय. गेल्या मंगळवारपासून लिव्हर शेवटच्या टोकाला जरा जड वाटतोय, म्हणजे बहुतेक पुन्हा तुमच्याकडे येणं आहे. येताना रोल काढून आणीन. विसरलेच, तर तुम्ही विचारालच.

तुमची,
मंगळवारवाली